आवाज कधी येतो, ते आधी सांगा

चारबागमध्ये डिसेंबर-जानेवारीत असं धुकं पडतं की सलग काही दिवस ऊन म्हणून दिसत नाही. सकाळी गच्चीवर वाळत घातलेला स्वेटर संध्याकाळी उचलावा, तर तो तसाच ओला आणि वर गारठलेला. त्या दिवसांत कपडे वाळवण्याचा सगळा भार ड्रायरवर पडतो, आणि वर्षभर कसाबसा चाललेला ड्रायर नेमका तेव्हाच आवाज करायला लागतो. मग माझ्याकडे निरोप येतात. "अंकल, ज़रा देख लीजिए, मशीन ट्रेन की तरह चल रही है।"

मी मूळचा भुसावळचा. रेल्वेच्या नोकरीने लखनौला आणलं, इथल्या लोको वर्कशॉपात फिटर म्हणून आयुष्य गेलं आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. शेजारपाजारच्या मशीन आता आवडीने बघून देतो. आवाजावरून यंत्राचं दुखणं ओळखायला रेल्वेने शिकवलं, आणि ती विद्या लोकांच्या न्हाणीघरात उपयोगी पडते याचं मला मनापासून समाधान आहे.

निरोप आणणारा प्रत्येक जण आवाज किती मोठा आहे ते सांगतो. त्यावरून फारसं काही कळत नाही. मी विचारतो, आवाज कधी येतो? सुरू होताना, की वेग पकडल्यावर? थांबताना? टब रिकामा असला तरी येतो का? एवढ्या प्रश्नांची नीट उत्तरं मिळाली, तर बहुतेक वेळा मागचा पत्रा उघडण्याआधीच दुखणं कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो. हे प्रश्न विचारायला फिटर असण्याची गरज नाही. ज्याच्या घरात मशीन आहे, त्याला ते विचारता आले पाहिजेत.

गाडी चालू असतानाच ऐकायची

गाडी स्टेशनात शिरत असते तेव्हा प्लॅटफॉर्मच्या टोकाला कॅरेज-वॅगनची माणसं उभी दिसतात. प्रवाशांचं लक्ष डब्याच्या दाराकडे असतं, यांचं चाकांकडे. या तपासणीला रेल्वेत 'रोलिंग-इन' म्हणतात. ब्रेक लागून चाकाचा एखादा भाग घासून सपाट झाला असेल, तर दर फेरीला एक ठोका ऐकू येतो. गाडी थांबली की तो पुरावा संपला. मग एक्सल बॉक्स गरम आहे का, हे बघायचं. बेअरिंग बिघडलं असेल तर ते तापतं. चालत्या गाडीकडून एक गोष्ट कळते आणि थांबलेल्या गाडीकडून दुसरी. दोन्ही लागतात.

याच चारबाग स्टेशनबद्दल लखनौकर एक गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगतात. जे. एच. हॉर्निमन या वास्तुविशारदाने आखलेल्या, १९१४ साली पायाभरणी झालेल्या या लाल-पांढऱ्या इमारतीच्या पोर्चमध्ये उभं राहिलं, तर म्हणे आतल्या गाड्यांचा आवाज बाहेर येत नाही. इमारतीसाठी हा गुणच आहे. पण घरातल्या मशीनला हाच न्याय लावणारे खूप भेटतात. खाली रबराची जाड चटई सारतात, अंगावर गोधडीसारखं कव्हर घालतात, न्हाणीघराचं दार लावून घेतात. आवाज कमी होतो आणि आतला भाग झिजत राहतो. ड्रायरचा आवाज ही आपल्याला आधी मिळालेली सूचना आहे, आणि बहुतेक वेळा ती स्वस्तात निभावण्याच्या टप्प्यावर मिळते. ती झाकून टाकली, तर पुढचा खर्च मोटरचा असतो.

टबाखाली काय असतं

आपल्याकडे बहुतेक घरांत ड्रायर म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा उजवीकडचा अरुंद टब. तो गरम हवा देत नाही. कपडे जोरात फिरवून त्यांतलं पाणी बाहेर फेकतो. मागच्या कव्हरचे स्क्रू काढले की खाली मोटर दिसते. ती मशीनच्या तळाला घट्ट आवळलेली नसते, तीन स्प्रिंगांवर उभी असते, आणि त्या स्प्रिंगांच्या आत रबराचे गुटके असतात. मोटरच्या शाफ्टवर कपलिंग बसवलेलं असतं आणि कपलिंगच्या वरच्या तोंडात टबाचा शाफ्ट बोल्टने धरलेला असतो. म्हणजे मोटर जितक्या वेगाने फिरते, टबही तितक्याच वेगाने फिरतो. पट्टा आणि गिअर बॉक्स धुण्याच्या बाजूला असतात, इकडे नसतात. ड्रायरचा पट्टा कुरकुरतोय असं सेमी-ऑटोमॅटिकच्या बाबतीत कुणी सांगितलं, तर त्याच्याकडून दुरुस्ती करून घेऊ नका.

ब्रेक कपलिंगपाशीच असतो. वरचं झाकण उघडलं की दोन गोष्टी होतात. स्विच मोटरची वीज तोडतो आणि झाकणाला जोडलेल्या तारेमुळे ब्रेकचा गुटका कपलिंगच्या ड्रमवर येऊन टेकतो. म्हणूनच झाकण उघडं असताना टब हाताने फिरवला तर जड लागतो. तो बिघाड समजू नये.

टबाचा शाफ्ट बाहेरच्या टबाच्या तळातून खाली उतरतो. तिथे घड्या-घड्यांचं रबरी सील असतं आणि त्याच्या मधोमध शाफ्टसाठी बुश. हे सील लक्षात ठेवा. बऱ्याच दुखण्यांचं मूळ तिथे निघतं.

आपल्या घरात वीज ५० हर्ट्झची येते. चार पोलची मोटर त्या विजेवर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या थोडं खाली, साधारण १३५० फेऱ्या मारते. सेकंदाला बावीस-तेवीस फेऱ्या झाल्या. इतक्या वेगात काही आवाज असणारच. टायमरची टिकटिक, मोटरची हलकी गुणगुण, सुरुवातीला दोन-चार सेकंदांची डोलणी आणि पाइपातून उसळणारं पाणी हे निरोगी ड्रायरचे आवाज. ज्याने आपल्या मशीनचा निरोगी आवाज कधी लक्ष देऊन ऐकलेला आहे, त्याला बिघाड लगेच कळतो. नवीन मशीन घरी आलं की एकदा ते शांतपणे ऐका, फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं तर आणखी चांगलं.

बटण बंद करून ऐका

आता सर्वांत उपयोगी तपासणी. हिला हत्यार लागत नाही. टब रिकामा करा, झाकण लावा आणि ड्रायर पूर्ण वेगात येऊ द्या. मग झाकण न उघडता भिंतीवरचं बटण बंद करा आणि कान द्या.

वीज तुटली, पण ब्रेक लागलेला नाही, त्यामुळे टब स्वतःच्या वेगात काही वेळ फिरत राहतो. आवाज वीज जाताच बंद झाला, तर तो मोटरच्या विजेच्या अंगाचा आहे. टब फिरतोय आणि त्याच्याबरोबर आवाजही उतरत उतरत चालू आहे, तर दुखणं फिरणाऱ्या भागांत आहे, म्हणजे बेअरिंग, सील, कपलिंग, नाहीतर कुठेतरी घासणं. टब पुरता थांबला की वीज पुन्हा द्या, वेग येऊ द्या आणि या वेळी झाकण उघडा. नवा आवाज आला तर तो ब्रेकचा. आणि रिकामा ड्रायर सगळ्या वेळी शांत चालला, कपडे घातल्यावरच धडधडला, तर आधी कपडे कसे भरले होते ते बघा.

यापुढे मशीन उघडायचं असेल तर प्लग भिंतीतून काढायचा. बटण बंद केलंय, एवढ्यावर थांबायचं नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते, त्याच्या टोकांना हात लावायचा नाही. फिरत्या टबात हात घालायचा नाही, टब कितीही सावकाश फिरत असला तरी. ओला कपडा बोटांभोवती गुंडाळला गेला की हात ओढून घ्यायला वेळ मिळत नाही.

सुरू होताना धडधड

तक्रारींत सर्वांत जास्त ही असते, आणि हिच्यावर बहुतेक वेळा पैसा खर्च करावा लागत नाही. थोडा हिशेब केला की कारण पटतं. समजा, टबाच्या मध्यापासून १२ सेंटीमीटरवर एका बाजूला १०० ग्रॅमचा ओला कपडा जास्तीचा आहे आणि त्याला तोलणारं समोर काही नाही. मिनिटाला १३५० फेऱ्यांच्या वेगाला तो कपडा टबाला बाहेरच्या दिशेने सुमारे २४ किलो वजनाइतक्या जोराने ओढतो. ही ओढ सेकंदाला बावीस-तेवीस वेळा दिशा बदलून सगळीकडे फिरते. मशीन न्हाणीघरभर चालत जातं, त्यात नवल नाही.

धडधड सुरुवातीला जास्त आणि पुढे कमी होते, यालाही कारण आहे. स्प्रिंगांवर उभ्या असलेल्या प्रत्येक वस्तूचा डोलण्याचा स्वतःचा एक वेग असतो. टब वाढत्या वेगात जाताना त्या वेगाजवळून जातो, तेव्हा डोलणं सर्वांत मोठं होतं. तो टप्पा ओलांडला की टब सावरतो. थांबताना तोच टप्पा उलट्या दिशेने पुन्हा येतो. कपडे नीट भरलेले असतील तर हे दोन-चार सेकंदांत निभावतं. वाकडे भरले असतील तर टब त्या टप्प्यातच अडकतो, वेग पुढे जात नाही आणि धक्के चालूच राहतात.

कपडे टबात गोल फिरवत, थराथराने, दाबून बसवा. जड जीन्स एका बाजूला आणि रुमाल दुसऱ्या बाजूला असं करू नका. वर प्लास्टिकची जाळी दाबून बसवल्याशिवाय ड्रायर सुरू करू नका. ती जाळी नसली की मोजे आणि रुमाल उसळून टबाच्या काठावरून पलीकडे पडतात. टॉवेल एकटा पिळायचा असेल तर त्याला तोलायला दुसरा टॉवेल घाला. लखनौच्या घराघरांत चिकनचे कुर्ते असतात. ते उशीच्या अभ्र्यात घालून, टबात सपाट घडी करून ठेवले तर भरतकाम ओढलं जात नाही आणि तोलही बिघडत नाही.

रिकामा टबही सुरुवातीला धडधडत असेल, तर वरून बघा. आतला टब आणि बाहेरचा टब यांच्यातली फट सगळीकडे सारखी दिसते का? टब एका अंगाला कललेला असेल तर खालची स्प्रिंग मोडलेली किंवा रबराचा गुटका विरघळल्यासारखा झालेला असतो. एक स्प्रिंग मोडली तरी तिन्ही बदलून घ्या. जुन्या दोन आणि नवी एक मिळून मोटर कधी सरळ उभी राहत नाही. मशीनचे चारही पाय जमिनीला टेकलेत का, हेही बघा. उताराच्या फरशीवर आणि चाकांच्या स्टँडवर ठेवलेली चांगली मशीनसुद्धा नाचते. घरात फ्रंट लोड मशीन नवीन आली असेल आणि पहिल्याच दिवशी उड्या मारत असेल, तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढायचे राहिलेत का, ते तपासा.

पूर्ण वेगात घरघर

हा आवाज मी सर्वांत गांभीर्याने घेतो. सुरुवातीला ती एक बारीक शीळ असते. महिन्यांनी तिची घरघर होते, आणि आणखी काही काळाने वाळू दळल्यासारखा कर्कश आवाज येतो. वीज बंद केल्यावरही टबाबरोबर हळूहळू उतरत जातो. हे बेअरिंग आहे.

लोक बेअरिंगला दोष देतात, पण ते आपोआप सहसा बिघडत नाही. त्याच्यावर पाणी पडलेलं असतं. सील कडक झालं, त्याला चीर गेली किंवा मधला बुश झिजला की पिळलेलं साबणाचं पाणी शाफ्टच्या कडेने खाली झिरपतं आणि बरोबर खाली असलेल्या मोटरवर पडतं. मागचं कव्हर उघडलं की साबणाचे पांढरे सुकलेले ओघळ मोटरच्या डोक्यावर दिसतात. कपलिंगवर गंज चढलेला असतो. मशीनच्या खाली, ड्रायरच्या बाजूला, तांबूस पाण्याचा डाग असतो. हे ओघळ दिसले आणि आवाज अजून नसला, तरी सील त्याच आठवड्यात बदलून घ्या. सील हा स्वस्त भाग आहे, मोटर हा सेमी-ऑटोमॅटिकमधला महागातला. सीलकडे दुर्लक्ष केलं की मोटर जाते, हे मी या गल्लीतल्या प्रत्येक घरात पुन्हा पुन्हा सांगत असतो.

बेअरिंगची खात्री करायची तर प्लग काढून, मागून ब्रेकचा दांडा ओढून धरून कपलिंग हाताने सावकाश फिरवायचं. चांगलं बेअरिंग लोण्यातून फिरावं तसं फिरतं. बिघडलेलं खरखरतं आणि त्याची खरखर बोटांना कळते. मग शाफ्ट धरून आडवा हलवायचा. हलत असेल तर बेअरिंग किंवा बुश झिजलाय.

सर्व मोटरींत बॉल बेअरिंग नसतं. काहींत तेल मुरवलेल्या सच्छिद्र धातूचा बुश असतो. तो कोरडा पडला असेल तर हलक्या मशीन ऑइलचे दोन-तीन थेंब पुरतात, पण झिजला असेल तर तेलाने भागत नाही. घरातलं खाण्याचं तेल कधीही घालू नका. इकडे सरसोंचं तेल हाताशी असतं म्हणून लोक तेच ओततात. ते हवेने चिकट होतं, धूळ धरतं आणि बुश जाम करतं. आपल्याकडचं खोबरेल तर लखनौच्या थंडीत गोठतंच.

बॉल बेअरिंग बदलायचं असेल तर त्याच्यावर कोरलेला आकडा वाचायला शिका. ६२०१ म्हणजे आतलं भोक १२ मिलिमीटर, ६२०२ म्हणजे १५, ६२०३ म्हणजे १७. ६२०४ पासून पुढे शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणायचं, म्हणजे ०४ चे २० आणि ०५ चे २५. आकड्यापुढे 'झेड झेड' असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याच्या चकत्या आहेत, 'टू आर एस' असेल तर रबराच्या. पाण्याजवळच्या जागी रबरवालं मागा. चारबागपासून नाका हिंडोला आणि लाटूश रोड जवळ. तिथे दुकानदाराला "ड्रायर का बेअरिंग" म्हटलं तर तो हाताला येईल ते देईल. आकडा सांगितला तर तोच आकडा देईल. मोटर बांधणाऱ्या कारागिराकडे बेअरिंग बसवताना उभे राहा आणि तो जोर कुठे देतोय ते बघा. शाफ्टवर चढवायचं बेअरिंग आतल्या रिंगवर दाब देऊन चढवतात. बाहेरच्या रिंगवर हातोडी मारली की गोळ्यांचा मार्ग पहिल्याच दिवशी खरवडला जातो आणि नवं बेअरिंग काही महिन्यांत पुन्हा घरघरतं.

सील जुनंच ठेवून नुसतं बेअरिंग बदलणं म्हणजे गळक्या छपराखालची गादी बदलणं. दोन्ही एकत्रच बदला.

गुणगुण येते, टब फिरत नाही

टायमर फिरवला, मोटर गुणगुणते, पण टब जागचा हलत नाही किंवा कण्हत-कण्हत फिरतो. अशा वेळी पहिलं काम वीज बंद करण्याचं. मोटर अडकलेल्या अवस्थेत वीज खात राहते, आतलं वाइंडिंग तापतं आणि जळतं.

कारणं थोडीच आहेत. कपॅसिटर कमजोर झाला की मोटरला सुरुवातीचा धक्का मिळत नाही. अनेक सेमी-ऑटोमॅटिक मशीनांत धुण्याच्या आणि पिळण्याच्या मोटरींसाठी मिळून एकच जोड-कपॅसिटर असतो, त्यावर '१०+५' असे मायक्रोफॅरडचे आकडे असतात. बदलताना तेच आकडे आणि तितकाच व्होल्टेज घ्यायचा. दुसरं कारण ब्रेकचं. तार ताणली गेली किंवा गंजली की झाकण लावल्यावरही ब्रेक सुटत नाही, आणि मोटर ब्रेकशी झगडत राहते. या वेळी जळक्या रबराचा वास येतो. तिसरं कारण टबाच्या खाली अडकलेला रुमाल. तो शाफ्टभोवती गुंडाळला जातो.

चौथं कारण मशीनच्या बाहेरचं आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळे कूलर-एसी एकदम चालू झाले की व्होल्टेज पडतं आणि मोटर तेवढ्यापुरती कण्हते. वीज गेल्यावर साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ड्रायर चालवला तरी मोटर मोठ्याने गुणगुणते आणि तापते. दुपारी मशीन बरोबर चालत असेल आणि संध्याकाळीच दुखत असेल, तर आधी व्होल्टेज मोजून घ्या.

थांबताना किंचाळी, चालताना खडखड

झाकण उघडल्यावर कर्कश घासण्याचा आवाज आला, तर ब्रेकचा गुटका झिजून आतला धातू उघडा पडला असणार. तो बदलायचा. चालू असतानाच सतत बारीक घासल्याचा आवाज येत असेल, तर तारेचा ताण चुकलाय आणि गुटका कपलिंगला किंचित टेकून आहे. ताण नीट केला की आवाज जातो. पण झाकण उघडल्यावर टब काही सेकंदांत थांबत नसेल, तर तो ड्रायर दुरुस्त होईपर्यंत वापरू नका. ज्या घरात लहान मुलं आहेत, त्या घरात तर अजिबात नाही.

खडखडीचे दोन प्रकार ऐकून वेगळे करता येतात. नाणं, हेअरपिन, शर्टाचं बटण दोन टबांच्या मधे पडलं असेल तर आवाज टणटणीत आणि अनियमित असतो, कधी येतो कधी नाही. टॉर्चने फटीत बघा, वाकवलेल्या तारेने काढा, नाहीतर कपलिंगचे बोल्ट सैल करून टब वर उचलून घ्या. कपलिंगचा बोल्ट सैल झाला असेल तर खडखड ठरावीक असते, वेग बदलताना वाढते आणि टब हाताने धरून हलवला तर मोटरशिवाय थोडा सुटा फिरतो. बोल्टचं टोक शाफ्टवरच्या खाचेतच बसायला हवं. खाच सोडून आवळला तर तो काही दिवसांत पुन्हा सुटतो आणि शाफ्ट खरवडतो.

रेल्वे लाइनच्या आसपासच्या वस्तीत उंदरांचा हिशेब धरावाच लागतो. मशीनच्या तळाची जाळी निघाली असेल तर उंदीर आत शिरून वायर, पाइप कुरतडतात आणि चिंध्यांचं घरटंही करतात. ते घरटं मोटरला घासलं की फरफर आवाज येतो. जाळी परत बसवणं हे पाच मिनिटांचं काम आहे, पण ते टाळलं की कुरतडलेल्या वायरीमुळे शॉक बसण्याचा धोका राहतो.

न्यू जर्सीहून आलेली धपधप

माझी पुतणी न्यू जर्सीत असते. तिने एकदा व्हॉट्सॲपवर आवाज पाठवला, "काका, ड्रायर धप-धप करतोय." तिकडचा ड्रायर वेगळा. त्यात मोठा आडवा ड्रम गरम हवेत सावकाश फिरतो. ड्रमला रोलर आधार देतात, पट्टा फिरवतो, पट्ट्याचा ताण एक छोटी पुली धरते आणि पंखा हवा ओढतो. यंत्र बदललं तरी मी तोच प्रश्न विचारला, कधी? ती म्हणाली, सुरुवातीची काही मिनिटं, मग कमी होतो. बरेच दिवस बंद राहिलेल्या ड्रायरच्या रबरी रोलरवर ड्रमच्या वजनाने सपाट डाग पडतो, तो गरम होऊन गोल होईपर्यंत धपधप येते. आवाज शेवटपर्यंत राहिला असता तर रोलर बदलायला सांगितलं असतं. पुली कोरडी पडली तर ती किंचाळते, आणि पंख्यात काही अडकलं तर फडफड येते.

त्या ड्रायरमध्ये आवाजापेक्षा मोठी काळजी आगीची. कपड्यांचे बारीक तंतू जाळीत आणि नळीत साठतात आणि पेट घेतात. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अंदाजानुसार २००८ ते २०१० या काळात तिथल्या घरांत ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागल्या, आणि त्यामागचं सर्वांत मोठं कारण साफसफाई न करणं हे होतं. मराठी कुटुंबं आता जगभर आहेत, म्हणून सांगतो. दर वेळी जाळी साफ करा, भिंतीतून बाहेर जाणारी नळी वर्षातून एकदा तरी उघडून बघा.

मशीन टाकण्याआधी

आवाज वाढला की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, आता नवीनच घेऊ. मी विचारतो, आवाज कधी येतो ते कळलंय का? ते कळलेलं नसताना मशीन भंगारात काढणं ही पैशाची नासाडी आहे आणि सामग्रीचीही. तांबं, पोलाद, प्लास्टिक, रबर यांनी भरलेली चांगली वस्तू एका सीलपायी फेकली जाते. कधी ना कधी मशीन निकालात निघणारच. तेव्हा ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम आहेत. १ एप्रिल २०२३ पासून ते लागू आहेत, वॉशिंग मशीन त्यांत येतं, आणि जुन्या वस्तूंची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. पण ती वेळ सीलने, बेअरिंगने किंवा कपॅसिटरने आणू नये. दुरुस्तीचा हक्क या विषयावर केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी एक पोर्टल सुरू केलं, तिथे अनेक कंपन्यांच्या वस्तूंची माहिती-पुस्तकं आणि सेवा केंद्रांची माहिती मिळते. ती सवड काढून बघावी.

मेकॅनिकला बोलावताना त्याला फक्त "आवाज येतो" असं सांगू नका. रिकाम्या टबात येतो की भरल्या टबात, सुरुवातीला की पूर्ण वेगात, वीज तोडल्यावर लगेच थांबतो की टबाबरोबर उतरतो, झाकण उघडल्यावर बदलतो का, खाली पाण्याचा डाग आहे का, हे सांगा. चांगल्या कारागिराचा यात अर्धा वेळ वाचतो आणि तो योग्य भाग बरोबर घेऊन येतो. ज्याला न तपासता मोटर बदलायची घाई असते, त्यालाही यातून कळतं की या घरात यंत्राकडे लक्ष देणारं कुणीतरी आहे. काढलेला जुना भाग दाखवायला सांगा आणि तो कशामुळे गेला ते विचारा. कारण विचारणाऱ्या घरातली मशीन जास्त टिकते, कारण तिथे बेअरिंगबरोबर सीलही बदललं जातं.

रेल्वेत तपासणी ही वेगळी नोकरी मानली गेली, त्यासाठी माणसं नेमली गेली, कारण एका बेअरिंगवर शेकडो प्रवाशांचा जीव असतो. घरातल्या ड्रायरवर तेवढं काही अवलंबून नाही, पण कुणीतरी काटकसर करून ती मशीन घेतलेली असते आणि घरातल्या कुणाच्या तरी मनगटांचं पिळण्याचं काम तिने उचललेलं असतं. म्हणून पुढच्या वेळी ड्रायर चालू कराल, तेव्हा शेवटी एकदा बटण बंद करून टब थांबेपर्यंत तिथेच उभे राहा आणि ऐका. काही वेगळं ऐकू आलं तर तारीख टाकून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. दुरुस्तीचं निम्मं काम तिथेच झालेलं असतं.